स्वतःचे पुस्तक स्वतः काढताना: हक्क, क्रमांक, छपाई आणि हिशेब

निवृत्तीनंतर लिहून काढलेले आत्मकथन, चार पिढ्यांचा कुलवृत्तांत, वर्गातील तीस वर्षांच्या अनुभवांचे टिपण किंवा वहीत साठत गेलेल्या कविता. अशा लेखनाला प्रस्थापित प्रकाशक मिळतोच असे नाही, आणि मिळाला तरी दोन-तीन वर्षे थांबण्याची अनेकांची तयारी नसते. मग पदरमोड करून पुस्तक काढायचे ठरते. महाराष्ट्राबाहेर, म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी लेखकापुढे तर हा मार्ग अधिकच वेळा येतो, कारण मराठी प्रकाशनाचा बहुतेक व्यवहार पुणे-मुंबईत एकवटलेला आहे.

या मार्गात कमीपणा काही नाही. देवकीनंदन खत्री यांनी 'चंद्रकांता'च्या यशानंतर १८९८ मध्ये वाराणसीत स्वतःचे 'लहरी प्रेस' उभारले. दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडमधील प्रकाशकांशी संपर्क तुटल्यावर आर. के. नारायण यांनी १९४२ मध्ये म्हैसूर येथे 'इंडियन थॉट पब्लिकेशन्स' सुरू केले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी चक्क मर्यादित कंपनी स्थापून भागभांडवल गोळा केले. पण दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी. प्रेमचंदांनी १९२३ मध्ये काढलेले 'सरस्वती प्रेस' त्यांना सतत तोट्यात ठेवत राहिले आणि १९३४ मध्ये त्यांना चित्रपटासाठी लिहायला मुंबई गाठावी लागली. लेखक म्हणून मोठा असलेला माणूस प्रकाशक म्हणूनही तरेलच असे नाही. लेखक स्वतः प्रकाशक होतो तेव्हा प्रकाशकाची सगळी कामे, कायदेशीर जबाबदाऱ्यांसह, त्याच्याकडे येतात.

संहितेतील परक्या गोष्टी

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखनाचा हक्क ते लिहिले गेल्याक्षणी लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केल्यास ती वादाच्या वेळी प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, एवढाच तिचा उपयोग. साहित्यकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे. ज्याच्या पुस्तकाची नक्कल होण्याचा संभव आहे, उदाहरणार्थ शालेय मार्गदर्शिका किंवा पाककृतींचे पुस्तक, त्याने ती जरूर करावी. कवितासंग्रहासाठी धावपळ करण्याची गरज सहसा नसते.

खरी अडचण दुसऱ्यांच्या हक्कांची असते. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. मात्र गेल्या साठ वर्षांत निवर्तलेल्या कवीची पूर्ण कविता प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी छापायची असेल, तर वारसांची लेखी परवानगी लागते. चित्रपटगीतांच्या ओळींचेही तसेच. समीक्षेसाठी किंवा विवेचनासाठी घेतलेले छोटे अवतरण वेगळे आणि पानाची शोभा वाढवण्यासाठी घेतलेले वेगळे. कायदा पहिल्याला सवलत देतो.

आत्मकथन आणि कुलवृत्तांत लिहिणारे एका बाबतीत हमखास चुकतात. एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाचे किंवा नातेवाइकाचे पत्र आपल्या कपाटात आहे म्हणून ते छापण्याचा हक्कही आपला, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात कागद आपल्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याकडे, त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो. एका पानाचे संमतिपत्र घेऊन ठेवावे. त्याचप्रमाणे हयात व्यक्तींविषयी कटू मजकूर असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातील अब्रुनुकसानीची तरतूद लेखकाला आणि प्रकाशकालाही लागू होते. येथे दोघेही एकच असतात. 'नावे बदलली आहेत' ही टीप पुरेशी नसते. गावातल्या चार माणसांना व्यक्ती ओळखू येत असेल, तर नाव बदलल्याने फारसे काही साधत नाही.

मुखपृष्ठाचे चित्र, आतील रेखाटने आणि छायाचित्रे यांचा व्यवहारही कागदावर यावा. चित्रकाराला मानधन दिले म्हणजे चित्र सर्व आवृत्त्यांसाठी, ई-पुस्तकासाठी आणि जाहिरातीसाठी वापरता येईल असे गृहीत धरू नये. इंटरनेटवरून उतरवलेले छायाचित्र तर अजिबात वापरू नये.

देवनागरीचे सापळे

मराठी पुस्तकाच्या तांत्रिक चुकांपैकी बऱ्याचशा लेखकाच्या नसतात. त्या टंकांच्या असतात. अनेक ज्येष्ठ लेखकांची संहिता श्रीलिपी, आकृती किंवा तत्सम जुन्या टंकांत बांधलेली असते. या टंकांमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशी संहिता युनिकोडमध्ये आणताना रूपांतर करणारी प्रणाली ठरावीक ठिकाणी अडखळते: रफार, जोडाक्षरे, 'वाङ्मय' मधला पाय मोडलेला ङ, 'ॲ' व 'ऑ' आणि सर्वांत जास्त म्हणजे अर्धा 'र'.

मराठीत हा अर्धा 'र' दोन प्रकारे लिहितात आणि त्याने अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावले तर पंगत उठेल. हिंदीसाठी तयार झालेल्या टंकांत आणि प्रणालींत हा भेद अनेकदा नीट सांभाळला जात नाही. म्हणून रूपांतरानंतर संपूर्ण संहितेत 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' असे शब्द शोधून पाहावेत. एक ठिकाणी बिघडले असेल तर सगळीकडे बिघडलेले असते, आणि म्हणून एकदाच शोधून सगळीकडे सुधारता येते.

मराठी वळणाचा 'ल' व 'श' हा दुसरा प्रश्न. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची व लिपीची प्रमाण रूपे निश्चित केली आहेत. सहज मिळणारे बरेच टंक हिंदी वळणाची रूपे दाखवतात. काही टंकांत भाषा 'मराठी' निवडताच ही रूपे आपोआप बदलतात, काहींत ती सोयच नसते. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेला 'यशोमुद्रा' आणि त्यावर आधारलेला मुंबई आयआयटीचा 'शोभिका' हे टंक विनामूल्य असून मराठी पुस्तकासाठी विश्वासाने वापरता येतात. मांडणी 'इनडिझाइन'मध्ये होणार असेल, तर परिच्छेदाच्या मांडणीसाठी 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडला आहे ना, हे मांडणीकाराला विचारावे. तो नसेल तर वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. महाराष्ट्राबाहेरच्या मुद्रणालयात, जेथे मांडणीकाराला मराठी येत नाही, तेथे हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेला बरा.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत. त्यांतील १४ नियम १९६२ चे आणि ४ नियम १९७२ मध्ये वाढवलेले. संशयाच्या शब्दांसाठी अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' मुद्रितशोधकांच्या टेबलावर असतोच. बोलीतील लेखनाला हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. पण मग 'व्हतं' आणि 'हुतं' यांपैकी कोणते रूप वापरायचे याची एक यादी करून ती मुद्रितशोधकाला द्यावी. मुद्रितशोधन लेखकाने स्वतः करू नये. त्याला कागदावरचे दिसत नाही, मनातले दिसते. निदान दोन वाचने व्हावीत आणि दुसरे वाचन मांडणी झालेल्या पानांवर व्हावे, कारण शब्द तुटणे, ओळ गळणे, तळटीप चुकीच्या पानावर जाणे हे सारे मांडणीतच घडते. अनुक्रमणिकेतील पृष्ठांक सर्वांत शेवटी भरावेत.

आयएसबीएन कोणाचा?

आयएसबीएन हा तेरा अंकी क्रमांक पुस्तकाची ओळख आहे. तो मालकीहक्काचा दाखला नाही किंवा शासकीय मान्यताही नाही. कायद्याने तो सक्तीचा नसला तरी दुकानदार, ग्रंथालये आणि ऑनलाइन विक्रेते त्याशिवाय पुस्तक घ्यायला कचरतात. भारतात तो शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखकही तो करू शकतो आणि त्याला शुल्क नाही. हे ठळकपणे सांगण्याचे कारण असे की, विनामूल्य मिळणाऱ्या या क्रमांकासाठी हजारो रुपये घेणारे मध्यस्थ बाजारात आहेत. अर्ज केल्यावर क्रमांक हाती येईपर्यंत वेळ जातो, म्हणून मुखपृष्ठ छपाईला जाण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करावा. समारंभाची तारीख आधी ठरवून मग क्रमांकाच्या मागे लागू नये.

भारतीय पुस्तकांचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. पुढचे अंक प्रकाशकाची ओळख सांगतात. एखाद्या सेवा कंपनीने स्वतःच्या संचातला क्रमांक दिला, तर जगाच्या नोंदीत त्या पुस्तकाची प्रकाशक ती कंपनी ठरते, खर्च कोणीही केलेला असो. पुढे लेखकाने तेच पुस्तक दुसरीकडे छापायचे ठरवले, तर त्याला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि जुन्या नोंदी, परीक्षणे व विक्रीची पाने मागे राहतात. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. काहीही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो.

श्रेयपृष्ठावर पुस्तकाचे व लेखकाचे नाव, हक्कधारक, प्रकाशनाचे वर्ष व आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक, मांडणीकार व मुखपृष्ठकार, आयएसबीएन आणि किंमत यावी. मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांसाठीच्या नव्या कायद्याने घेतली आणि पुस्तके त्यातून वगळली गेली. तरीही ही ओळ गाळू नये. ती टपालखात्याला हवी असते, त्याविषयी पुढे.

सेवा कंपनीशी करार

'संपादनापासून वितरणापर्यंत सर्व काही' असे एकत्रित पॅकेज देणाऱ्या कंपन्या आता भरपूर आहेत. त्यांत प्रामाणिक व्यवसाय करणारे आहेत आणि लेखकाच्या हौसेवर पोट भरणारेही. चेन्नईचे नोशन प्रेस किंवा बंगळुरूचे पोथी यांसारख्या मंचांवर मागणीनुसार छपाईची सोय आहे. तुलना कोणाशीही करावी, पण कागद वाचूनच सही करावी.

कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम लेखकाने एकदा तरी वाचावे. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. करारात वेगळे काही म्हटले नसेल आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही, तर तो लेखकाकडे परततो. स्वतः पैसे भरणाऱ्या लेखकाने मुळात हक्क हस्तांतरित करण्याचेच कारण नाही. त्याने छपाईची आणि विक्रीची मर्यादित परवानगी द्यावी, आणि तीही रद्द करता येईल अशी. 'चित्रपट, ध्वनिपुस्तक व अनुवाद यांसह सर्व माध्यमांतील हक्क' असे शब्द दिसले तर ते खोडून मागावेत; समोरचा खोडायला तयार नसेल तर उठून यावे.

याखेरीज किती प्रती प्रत्यक्ष छापल्या जाणार, त्या कोठे राहणार, विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार आणि करार संपल्यावर उरलेल्या प्रती व मांडणीच्या मूळ फायली कोणाच्या, हे लिहून घ्यावे. फायलींचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. दुसरी आवृत्ती काढायची वेळ येते आणि हाती केवळ पीडीएफ असते, तेव्हा एक आकडा दुरुस्त करण्यासाठी अख्खे पुस्तक पुन्हा बांधावे लागते.

कागद, फर्मे आणि पैसे

मराठी ललित पुस्तके बहुधा डेमी आकारात निघतात. या आकाराच्या ऑफसेट छपाईत १६ पानांचा एक फर्मा होतो. म्हणून १६० पानांचे पुस्तक दहा फर्म्यांत बसते आणि १६३ पानांचे झाले की खर्च पुढच्या टप्प्यावर उडी घेतो. मांडणी झाल्यावर तीन पाने कमी करणे हे अशा वेळी उत्तम संपादन ठरते! आतला कागद ७० किंवा ८० जीएसएमचा मॅपलिथो, मुखपृष्ठासाठी २५० ते ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड, असा प्रघात आहे. कविता व ललित गद्याला पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा किंचित पिवळसर छटेचा कागद डोळ्यांना बरा वाटतो. मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्यावी. कण्याची रुंदी तिच्यावरूनच कळते आणि मुखपृष्ठ त्यानंतरच अंतिम करावे. जाड पुस्तकाला नुसत्या गोंदाची बांधणी देऊ नये. थोडे पैसे अधिक गेले तरी फर्मे शिवून घ्यावेत. ग्रंथालयात पुस्तक दहा हातांतून जाते आणि पहिले सुटते ते मधले पान.

दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई सोयीची पडते. ऑफसेटमध्ये प्लेटचा प्राथमिक खर्च एकदाच होत असल्याने प्रती वाढतील तसा दर उतरतो, आणि येथेच लेखक मोहात पडतो. हजार प्रती स्वस्त पडतात म्हणून हजार छापायच्या आणि सातशे माळ्यावर ठेवायच्या, हा अनुभव घरोघरी आहे.

किंमत ठरवण्यापूर्वी एक साधे गणित मांडावे. समजा, संपादनापासून बांधणीपर्यंत ५०० प्रतींना ६०,००० रुपये लागले. प्रत १२० रुपयांना पडली असे वाटते. पण भेटी, परीक्षणे, पुरस्कारांचे अर्ज आणि कायद्याने द्यायच्या प्रती यांत ५० गेल्या, तर विकण्याजोगी प्रत १३३ रुपयांना पडते. दुकानदार आणि वितरक मिळून ४० ते ५० टक्के सवलत मागतात. किंमत २५० ठेवली आणि ४५ टक्के सवलत दिली, तर हाती १३७ रुपये ५० पैसे येतात. सगळ्या प्रती खपल्या तरी जेमतेम खर्च निघतो. किंमत ३०० ठेवली, निम्म्या प्रती दुकानांतून आणि निम्म्या २० टक्के सवलतीने थेट वाचकांना विकल्या, तर दोन्हीकडे मिळून सुमारे ३०० प्रतींवर मुद्दल परत येते. प्रकाशनपूर्व सवलतीत शंभर नावे नोंदवून घेता आली, तर छपाईच्या बिलाचा मोठा भाग आधीच हाती असतो. छापील पुस्तकाच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर शून्य आहे. मात्र मुद्रक व मांडणीकार यांच्या बिलांवरचा कर लेखकाला परत मिळत नाही. तो खर्चातच धरावा आणि दरपत्रक नेहमी करासह मागावे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. छपाई सुरू करण्यापूर्वीच तिच्या अटी पाहाव्यात.

वाचकांपर्यंत

दुकानांचा भरवसा धरू नये. त्यांच्याकडे विक्रीनंतर पैसे या अटीवर प्रती ठेवल्या जातात आणि वसुलीला फिरण्याचे श्रम लेखकाचे असतात. त्यापेक्षा थेट विक्री, व्याख्याने, संमेलनांतील दालने आणि ग्रंथालये यांवर भर द्यावा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे आणि त्यांच्या खरेदीला शासनाची ग्रंथयादी आधार असते. या यादीसाठी ग्रंथालय संचालनालय मागील वर्षी प्रकाशित झालेल्या ग्रंथांची प्रत मागवते. त्या आवाहनावर लक्ष ठेवावे. महाराष्ट्राबाहेर इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, वडोदऱ्याची मराठी वाङ्मय परिषद, हैदराबादची मराठी साहित्य परिषद, बेळगावचे १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय अशा संस्थांकडे मराठी वाचक हमखास सापडतो आणि तो प्रतिसादही देतो.

टपालाचा खर्च हलका झाला आहे. पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यावर छोट्या प्रकाशकांची मोठी अडचण झाली होती. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. तीत ३०० ग्रॅमपर्यंतचे पाकीट २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचे १०० रुपयांत जाते, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असणे ही तिची अट आहे. नियतकालिके व जाहिरातींचे साहित्य चालत नाही. पाकीट जमिनीवरील वाहतुकीने जाते, त्यामुळे वाचकाला आठवडाभराची मुदत सांगावी.

ई-पुस्तकासाठी बुकगंगा, गूगल प्ले आणि ॲमेझॉनचे किंडल हे मार्ग आहेत. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून घेतली जातात. ॲमेझॉनचा भारतातील विक्रीवरचा ७० टक्के मोबदला हवा असेल, तर 'केडीपी सिलेक्ट' योजनेत नाव नोंदवावे लागते आणि त्या ९० दिवसांत तेच ई-पुस्तक दुसऱ्या कोठेही ठेवता येत नाही. ही अट न वाचता तीन ठिकाणी पुस्तक चढवले, तर करारभंग होतो.

समारंभ आटोपल्यावर एक काम उरते आणि बहुतेक लेखक-प्रकाशकांना ते ठाऊकही नसते. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला पाठवावी लागते. येथे प्रकाशक म्हणजे लेखकच. सोबत पुस्तकाचा तपशील लिहिलेले पत्र जोडावे आणि चारही पोचपावत्या फायलीत ठेवाव्यात. पुढे काहीही न बदलता दुसरी आवृत्ती निघाली, तर या प्रती पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत.